फायबरचा रंग काढण्याआधी माल ओळखा

धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर अंबड तालुक्यात वडीगोद्री हे गाव आहे. या महामार्गाचा जुना क्रमांक २११ होता, आता तो ५२ झाला. जालना-अंबडकडून येणारा रस्ता इथे महामार्गाला मिळतो. पुढे शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा सुरू होतो. अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना याच पट्ट्यात आहे. त्यामुळे उसाचे ट्रॅक्टर, मालट्रका, काळी-पिवळी जीप, मोटारसायकली अशा सगळ्या वाहनांची इथे वर्दळ असते. जिथे वाहने तिथे गॅरेज, आणि जिथे गॅरेज तिथे डेंटिंग-पेंटिंगचे काम, हे ओघाने आलेच.

आपल्या घरांतील किती तरी मुले या कामात आहेत. कोणी गॅरेजवर हाताखाली काम शिकतो आहे, कोणी स्वतःचा कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन घेऊन धंदा मांडला आहे. गाडीरंगाचे गॅरेज नसले तरी अनेक घरांत जुनी मोटारसायकल असते. ती थोड्या पैशांत घेतलेली असते, इंजिन चांगले असते, पण रंगाचे पोपडे निघालेले असतात. मग एखादा रविवार पाहून घरचा मुलगा अंगणातच कामाला बसतो. १४ एप्रिल जवळ आला की मिरवणुकीच्या रथासाठी ट्रॅक्टरला नि जीपला निळा रंग द्यायची घाईही असते. नवा रंग द्यायचा म्हणजे जुना काढावा लागतो. या जुना रंग काढण्याच्या कामाविषयी या वेळच्या सदरात लिहायचे आहे. त्यातही पत्र्याचा रंग काढण्याविषयी नव्हे, कारण ते बहुतेकांना येते. प्रश्न आहे तो फायबरच्या नि प्लास्टिकच्या भागांचा.

एक शब्द, तीन माल

गॅरेजवर कोणताही भाग पत्र्याचा नसला की त्याला सरसकट 'फायबर' म्हणतात. मोटारसायकलचे साइड पॅनल फायबरचे, कारचा बंपर फायबरचा, ट्रॅक्टरचे छतही फायबरचे. बोलायला हे सोयीचे आहे, पण रंग काढताना हाच शब्द घात करतो. कारण हे तीन भाग तीन वेगळ्या मालाचे असतात, आणि एकाला जे औषध चालते ते दुसऱ्याला विरघळवून टाकते.

पहिला माल खरा फायबर, म्हणजे काचेच्या तंतूंची चटई आणि पॉलिएस्टर राळ यांचा थर. राळ पातळ असताना तिच्यात हार्डनर घालून चटईवर चढवतात आणि ती घट्ट झाली की दगडासारखी होते. सगळ्यात वर जेलकोट नावाचा गुळगुळीत थर असतो. तो साधारण अर्धा मिलिमीटरच जाड असतो, पण आतल्या काचेला ऊन-पाण्यापासून सांभाळतो तो हाच. ट्रॅक्टरची छते, ट्रॅव्हल्स बसचे पुढचे तोंड, ट्रकच्या केबिनवरचा वारा कापणारा भाग, बुलेटला बाजारातून बसवलेल्या पेट्या, यांत हा माल बहुधा सापडतो. पूर्ण मोटारीही याच्या बनल्या आहेत. अमेरिकेतील कॉर्व्हेट ही गाडी १९५३ पासून फायबरच्या बॉडीची आली. आपल्याकडे बंगळूरच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन १९८२ मध्ये आली, आणि पुढे गोव्यात बनलेली 'सॅन स्टॉर्म' ही दोन दारांची उघडी गाडीही फायबरच्याच बॉडीची होती. पत्र्याला महागडे साचे आणि मोठे प्रेस लागतात, फायबरला साधा साचा आणि हाताचे काम पुरते. थोड्या गाड्या काढणाऱ्याला म्हणूनच फायबर परवडते.

दुसरा माल ए.बी.एस. मोटारसायकलची साइड पॅनल, शेपटीचे पॅनल, हेडलाइटचा वायझर, स्कूटरची बॉडी, यांत हा नेहमी असतो. तो टणक आणि चकचकीत असतो, त्यावर रंग चांगला धरतो, पण थिनरपुढे तो टिकत नाही.

तिसरा माल पॉलिप्रॉपिलीन, गॅरेजच्या भाषेत पी.पी. कारचे बहुतेक बंपर आणि अनेक गाड्यांची मडगार्ड याची असतात. हा मेणासारखा थोडा चिवट असतो, वाकतो पण तुटत नाही. थिनरने त्याला सहसा काही होत नाही. त्याची अडचण उलटी आहे, त्यावर रंगच नीट धरत नाही.

माल ओळखायचा कसा

याला कोणतेही यंत्र लागत नाही. एक लोहचुंबक, एक बादली पाणी आणि दहा मिनिटे वेळ पुरे.

आधी चुंबक लावून पाहा. चिकटला तर भाग पत्र्याचा, आणि हा लेख त्याच्यासाठी नाही. चिकटला नाही तर भाग गाडीवरून खोलून उलटा करा. आतल्या बाजूला बारीक अक्षरे साच्यातच उठवलेली असतात. दोन टोकदार कंसांच्या मध्ये ए.बी.एस. किंवा पी.पी. अशी इंग्रजी अक्षरे असली की प्रश्न मिटला. बंपरवर पी.पी.च्या पुढे अधिकचे चिन्ह आणि ई.पी.डी.एम. असे लिहिलेले असते, म्हणजे त्यात रबर मिसळले आहे. टी.२० असे असेल तर २० टक्के टाल्क, म्हणजे संगजिऱ्याची भुकटी, घातलेली आहे.

अक्षरे नसतील तर आतला पृष्ठभाग पाहा. खऱ्या फायबरची आतली बाजू खडबडीत असते आणि तिच्यात काचेच्या धाग्यांची जाळी दिसते. ती बाजू उघड्या हाताने चोळू नका, काचेच्या कुसा हातात शिरतात आणि दिवसभर खाज सुटते. साच्यातून ओतलेल्या प्लास्टिकची आतली बाजू सारखी आणि गुळगुळीत असते, तिच्यावर पट्ट्या आणि स्क्रूच्या नळ्या असतात.

तरीही शंका राहिली तर भाग धुऊन, त्यावरचा फोम आणि खिळे-क्लिपा काढून पाण्यात बुडवा आणि आत अडकलेली हवा सोडा. पी.पी. पाण्यापेक्षा हलके असते, ते वर येऊन तरंगते. ए.बी.एस. पाण्यापेक्षा किंचित जड, ते बुडते. खरे फायबर तर सरळ तळाला जाते. टाल्क घातलेले पी.पी. कधी कधी बुडते, म्हणून अक्षरे असतील तर त्यांच्यावरच भरवसा ठेवावा.

शेवटची खूण थिनरची. पॅनलच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कापसाने थिनरचा एक थेंब लावा आणि मिनिटभराने बोट टेकवा. चिकट लागले तर ते ए.बी.एस. आहे. एका थेंबाने जर ही दशा होते, तर पूर्ण पॅनल थिनरच्या बोळ्याने पुसल्यावर काय होईल, ते सांगायला नको.

रंग पूर्ण काढायचा का?

सगळ्यात जास्त नुकसान या गैरसमजाने होते की नवा रंग द्यायचा तर जुना मुळापासून गेलाच पाहिजे. पत्र्यावर गंज धरतो, म्हणून तिथे कधी कधी तळापर्यंत जावे लागते. फायबरला आणि प्लास्टिकला गंज नाही. जुना रंग घट्ट बसलेला असेल तर तोच नव्या रंगाचा उत्तम पाया आहे. त्याची चकाकी मोडायची, जिथे पोपडे आहेत तेवढाच भाग काढायचा आणि कडा उतरत्या करायच्या, की काम झाले.

रंग घट्ट आहे की नाही हे पाहण्यासाठी ब्लेडने रंगावर बारीक चौकटी पाडा, त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्याने ओढा. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे आले तर तो रंग काढायलाच हवा. दोन-चार कणांपलीकडे काही आले नाही तर तो राहू द्या. जाड थर होऊन रंगाला भेगा पडल्या असतील, एकावर एक तीन-चार वेळा रंग दिलेला असेल, किंवा खाली फोड आले असतील, तेव्हा मात्र तळापर्यंत जाण्यावाचून उपाय नाही.

पाण्याने घासणे हीच खरी रीत

तीनही मालांना चालणारी आणि माणसालाही सोसणारी रीत एकच, पाण्याचा पॉलिश पेपर. ती जुनी आहे, वेळ घेते, पण भागही वाचतो आणि फुफ्फुसही वाचते.

प्रथम भाग साबणाच्या पाण्याने नीट धुऊन घ्या. गाडी चकचकीत दिसावी म्हणून जे पॉलिश मारतात त्यात बहुधा सिलिकॉन असते. ते राहिले तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. स्टिकर काढायला कोमट पाण्याचे फडके त्यावर ठेवा आणि मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हळूहळू उचला. पेट्रोल वापरू नका.

बादलीत पाणी घेऊन त्यात भांडी घासण्याच्या साबणाचे चार थेंब टाका. पाणी कमी असलेल्या आपल्या भागात नळी सोडून बसायची गरज नाही, एका पॅनलला एक बादली पुरते. पॉलिश पेपर पाच-दहा मिनिटे भिजू द्या. तो बोटांनी धरू नका, बोटांच्या दाबाने चर पडतात. सपाट भागाला लाकडी गुटका आणि गोलाईला जुन्या रबरी चपलेच्या तळाचा तुकडा, याभोवती पेपर गुंडाळा.

पोपडे निघालेल्या ठिकाणी २२० नंबरपासून सुरुवात करा. कडा उतरत्या झाल्या की ३२०, मग ४००, आणि रंगाच्या आधी ६००. घाई म्हणून ८० किंवा १०० नंबरला हात घालू नका, त्याचे ओरखडे नव्या रंगातूनही दिसतात. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून फायबर घासणे तर पूर्ण टाळावे. जेलकोट क्षणात कापला जातो, प्लास्टिक घर्षणाने तापून वितळते, आणि जी धूळ उडते तिच्यात काच, राळ आणि जुना रंग तिन्ही असतात.

फायबरवर थांबायचे कुठे, हे डोळ्यांनी कळते. रंग गेला की प्रायमर दिसतो, प्रायमर गेला की एकसारख्या रंगाचा जेलकोट लागतो. तिथे हात थांबला पाहिजे. त्याच्याही खाली गेलात तर धाग्यांची जाळी दिसू लागते. जाळी दिसली म्हणजे पाणी आत शिरायला वाट झाली. असा भाग सावलीत किमान एक पूर्ण दिवस वाळवून, पॉलिएस्टर पुट्टी किंवा इपॉक्सी प्रायमरने बंद करूनच पुढे जावे. ओल आत राहिली तर पुढच्या उन्हाळ्यात रंगावर फोड येतात आणि दोष रंगाला दिला जातो.

पी.पी.च्या बंपरवर काम आणखी सोपे आहे. मुळात रंग धरलेला नसतो, म्हणून कोमट पाण्यात भिजवून प्लास्टिकच्या पट्टीने कडेपासून उचलला की मोठे तुकडे निघून येतात. लोखंडी पत्री वापरू नका, तिचे घाव मऊ प्लास्टिकवर कायमचे राहतात. नंतर रंग देताना आधी प्लास्टिकला रंग धरवणारा खास प्रायमर मारलाच पाहिजे. तो न मारल्यामुळेच पहिला रंग निघाला होता, हे लक्षात ठेवावे.

घासून झाल्यावर भाग स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवा. शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसले तरी चालते. हाताला लावायचे सॅनिटायझर मात्र नको, त्यात ग्लिसरीन असते.

रिमूव्हरचा डबा

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहिला तिच्याकडे येऊ. दुकानात पेंट रिमूव्हरचा डबा मिळतो. ब्रशने लावा, दहा मिनिटांत रंग सुरकुत्या पडून उचलतो, पत्रीने ओढला की साफ. पत्र्यावर हे खरे आहे. पण अशा काही रिमूव्हरमध्ये मेथिलीन क्लोराइड हे द्रव्य असते. त्याचेच दुसरे नाव डायक्लोरोमिथेन. डब्यावर ही नावे इंग्रजीत बारीक अक्षरांत असतात, ती शोधून वाचावीत.

हे द्रव्य ए.बी.एस.ला सरळ विरघळवते. पॅनलचा रंग उचलतो तसे पॅनलही उचलते. खऱ्या फायबरचे नुकसान लगेच दिसत नाही, म्हणून ते जास्त फसवे. द्रव्य राळेत मुरते, जेलकोट फुगतो आणि मऊ पडतो. वरून धुतले तरी आत मुरलेले तसेच राहते. मग नवा रंग चढतो, गाडी चार दिवस उन्हात उभी राहते आणि फोड येतात. फायबरला चालणारे म्हणून वेगळे रिमूव्हर मिळतात. डब्यावर तसे स्पष्ट लिहिलेले असेल तरच, आणि आधी न दिसणाऱ्या जागेवर पाहूनच ते वापरावे.

भागाचे नुकसान पैशांत भरून निघते. माणसाचे निघत नाही. मेथिलीन क्लोराइड सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळते. आपल्या जालना जिल्ह्यात एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या डब्यात हे द्रव्य उकळायच्या बेतात असते. झाकण उघडताच ते उसळून डोळ्यांत येऊ शकते. त्याची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत, खड्ड्यात, बंद खोलीत साचते. खाली बसून काम करणाऱ्याच्या नाकाशी ती आधी पोहोचते. जास्त वाफ गेली की गुंगी येते, माणूस जागीच कोसळतो. शिवाय शरीरात गेल्यावर यातील काही भागाचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. हाच वायू बंद खोलीतल्या शेगडीने माणसे मारतो. रक्तातला प्राणवायू तो अडवतो आणि ज्याचे हृदय आधीच कमजोर आहे त्याला झटका येऊ शकतो.

ही ऐकीव भीती नाही. अमेरिकेत घरोघरी जाऊन जुन्या बाथटबचा रंग काढणारे कारागीर असतात. २००० ते २०११ या काळात अशा १३ कारागिरांचा या द्रव्याने मृत्यू झाल्याची नोंद तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. लहान न्हाणीघर, बंद दार, खाली वाकून काम, एवढेच कारण. युरोपीय संघाने २००९ मध्ये निर्णय घेऊन सामान्य ग्राहकांना असे रिमूव्हर विकणे टप्प्याटप्प्याने बंद केले. अमेरिकेने २०१९ मध्ये ग्राहकांना होणारी विक्री थांबवली आणि २०२४ मध्ये उद्योगातील बहुतेक वापरावरही बंदीचा नियम केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात बहुधा कर्करोग करणारे द्रव्य या गटात घातले आहे.

तोंडाला रुमाल बांधला की झाले, असे आपल्याकडे समजतात. रुमाल वाफ अडवत नाही. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेला एन-९५ मास्क धूळ अडवतो, थिनर किंवा रिमूव्हरची वाफ तोही अडवत नाही. थिनरची वाफ थोपवायला कोळशाच्या डब्याचा मास्क लागतो. मेथिलीन क्लोराइड तर त्या कोळशातूनही लवकर पार होते, आणि साध्या रबरी हातमोज्यातूनही. म्हणून पत्र्यासाठी वापरायचेच झाले तर उघड्या जागी, सकाळच्या गारव्यात, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने उभे राहून. फायबरसाठी आणि प्लास्टिकसाठी तर मुळीच नको.

आणखी काही 'घरगुती उपाय'

कोणी सांगतो, ब्रेक ऑइल लावून ठेवा, रंग सुटतो. काही रंग सुटतो हे खरे, पण ए.बी.एस.ला आणि पॉलिकार्बोनेटला त्याने केसासारख्या भेगा पडतात आणि स्क्रूच्या जागी पॅनल तडकते. कोणी कॉस्टिक सोडा सांगतो. कॉस्टिक फायबरच्या पॉलिएस्टर राळेलाच खातो, आणि त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. तसे घडलेच तर वाट न पाहता निदान १५ मिनिटे स्वच्छ पाणी डोळ्यावर सोडत राहावे आणि मग दवाखाना गाठावा.

हीट गन किंवा ब्लो लॅम्पही नको. ए.बी.एस. शंभर अंशांच्या आसपास मऊ पडते, पी.पी. १६५ अंशांजवळ वितळते, आणि हीट गनची हवा पाचशे अंशांच्या वर जाते. फायबरची राळ पेटली तर काळा दाट धूर होतो आणि ती विझवणे कठीण जाते.

हेल्मेटविषयी वेगळे सांगितले पाहिजे. गाडीच्या रंगाला जुळावे म्हणून हेल्मेटचा रंग काढून नवा देण्याची हौस काहींना असते. ती करू नये. हेल्मेटचे कवच ए.बी.एस., पॉलिकार्बोनेट किंवा फायबरचे असते. थिनरने, रंगाने ते आतून कमजोर होते, वरून काही दिसत नाही. मग ज्या क्षणी ते कामी यायचे त्या क्षणी फुटते. १ जून २०२१ पासून दुचाकीचे हेल्मेट आय.एस. ४१५१ या मानकाचे आणि आय.एस.आय. खुणेचे असणे देशात बंधनकारक आहे. जुने खराब झाले तर तसे नवेच घ्यावे.

घरी काय येते

माता-भगिनींनी हा भाग जरूर वाचावा. घरातील कर्ता मुलगा गॅरेजवरून येतो तेव्हा कपड्यांवर रंगाची धूळ घेऊन येतो. गाड्यांच्या जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत, शिसे असू शकते. घरांच्या रंगात शिसे ९० भाग प्रति दशलक्ष यापेक्षा जास्त नसावे, असा नियम भारत सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे, वाहनांच्या रंगांना नाही. म्हणून जुन्या काळी-पिवळीचा किंवा पिवळ्या यंत्राचा रंग कोरडा घासणे म्हणजे शिशाची धूळ उडवणे होय. शिसे लहान लेकरांच्या मेंदूवर परिणाम करते, शिकण्याची ताकद कमी करते, आणि गरोदर बाईच्या पोटातील बाळालाही ते पोहोचते.

यावर उपाय साधे आहेत. कामाचे कपडे गॅरेजवरच बदलावेत. नाहीच जमले तर घरी येताच बदलून, हात-तोंड धुऊन मगच लेकराला उचलावे. ते कपडे लेकरांच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. ओल्या घासणीचे गढूळ पाणी नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. बादली रात्रभर स्थिर ठेवली की गाळ खाली बसतो. तो कागदावर घेऊन वाळू द्यावा, पुडी बांधून कचऱ्यात द्यावा, जाळू नये. अंगणात काम केले असेल तर खाली आधी प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि जागा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.

थिनर कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. उन्हातून खेळून आलेले लेकरू बाटली दिसली की तोंडाला लावते. तसे झालेच तर त्याला ओकारी काढायला लावू नका. ओकताना थिनर श्वासनळीत उतरते आणि फुफ्फुस निकामी करते. लगेच सरकारी दवाखान्यात न्यावे आणि बाटली बरोबर न्यावी, म्हणजे डॉक्टरांना काय पोटात गेले ते कळते. थिनरच्या ओल्या चिंध्यांचा ढीगही घरात करू नये, एका ठिणगीने तो पेटतो. त्या बाहेर, चुलीपासून दूर पसरून वाळवाव्यात.

कामगार मुलांसाठी दोन शब्द

गॅरेजवर सगळ्यात लहान मुलाला सगळ्यात घाण काम दिले जाते, आणि रंग खरवडणे हे तसेच काम आहे. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवण्यासही मनाई झाली. आई-वडिलांनी हे माहीत करून घ्यावे. मुलाला हेच काम आवडत असेल तर आय.टी.आय.मध्ये वाहनांच्या बॉडी पेंटिंगचा स्वतंत्र ट्रेड आहे, त्याची चौकशी करावी. तिथे माल, रंग आणि मास्क यांचे शिक्षण मिळते आणि हातात प्रमाणपत्र येते.

जे आज हे काम करतात त्यांनी मालकाकडे तीन गोष्टी मागायला संकोच करू नये: वाहती हवा, योग्य मास्क आणि पाण्याचा पेपर. त्यांचा खर्च एका बिघडलेल्या पॅनलपेक्षा जास्त नाही. काम करताना डोके जड वाटले, गोड झिंग आली, मळमळले, तर ती सवय होण्याची खूण समजू नका. शरीर सांगते आहे, बाहेर चला. लगेच काम सोडून मोकळ्या हवेत यावे आणि त्या दिवशी ते काम पुन्हा करू नये. हार्डनर घालून मारायच्या रंगाची वाफ तर दमा लावते, तो एकदा लागला की थोड्याशा वासानेही उसळतो. तसा रंग पुरेशी साधने असलेल्या ठिकाणीच मारावा.

आणि शेवटी कागदाचे. गाडीचा रंग बदलायचा असेल तर आर.सी. पुस्तकावर कोणता रंग नोंदला आहे ते पाहावे आणि जालन्याच्या परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावे. पुढे तपासणीत किंवा गाडी विकताना खोळंबा होत नाही.

सारांश, चुंबक, अक्षरे आणि पाण्याची बादली यांनी माल ओळखा. रंग घट्ट असेल तर राहू द्या. काढायचाच तर पाणी आणि पेपर घ्या, रिमूव्हर दुकानातच राहू द्या. एक पॅनल घासायला अर्धा दिवस जास्त गेला तरी हरकत नाही. रंगारी पुढची वीस-तीस वर्षे मोकळा श्वास घेऊन काम करू शकला पाहिजे.

पुढील वेळी ट्रॅक्टरच्या बॅटरीची निगा आणि तेजाबापासूनची काळजी याविषयी पाहू. वाचकांनी आपल्या कामातील अडचणी या सदराच्या नावे जरूर कळवाव्यात.